धुक्यातले शिखर

संख्याशास्त्राच्या पुस्तकात ‘महत्तम लाइकलीहूड’ची पद्धत चार ओळींत संपते. निरीक्षणे घ्या, त्यामागच्या नियमाचे सूत्र मांडा, आणि हाती आलेली निरीक्षणे सर्वाधिक संभाव्य ठरतील असे सूत्रातील स्थिरांक शोधा. ‘शोधा’ या शब्दापाशी पुस्तक थांबते आणि काम संगणकाकडे जाते. संगणक क्षणभरात आकडे छापतो, खाली ‘उत्तर स्थिरावले’ अशा अर्थाची एक ओळ असते, आणि आपण ते आकडे वहीत उतरवून घेतो. ही ओळ नेहमी खरी असते का? खरी नसेल तर ओळखायचे कसे? प्रस्तुत लेखात आपण एक प्रत्यक्ष घडलेले उदाहरण घेऊन हा शोध कोठे आणि का अडखळतो ते पाहू. आकडे इतके थोडे आहेत की साध्या स्प्रेडशीटवर, आणि चिकाटी असेल तर कागदावरही, त्यांचा पडताळा घेता येईल.

तेवीस उड्डाणे

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यानाच्या बाजूच्या घन इंधनाच्या रॉकेटचे भाग एकमेकांना जोडताना सांध्यांत रबरी कड्या बसवलेल्या असत. त्यांना ओ-रिंग म्हणतात. काम कुकरच्या रिंगचेच, म्हणजे आतला वायू बाहेर निसटू न देण्याचे. थंडीत रबर कडक होते, दाबल्यावर चटकन पूर्ववत होत नाही, आणि सांधा उघडा राहतो. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या काही अभियंत्यांनी उड्डाण पुढे ढकलण्याचा आग्रह धरला होता. त्यांचे म्हणणे टिकले नाही.

तोपर्यंत २४ उड्डाणे झाली होती. एका उड्डाणातील रॉकेट समुद्रात हरवली, म्हणून नोंदी २३ उड्डाणांच्या. ओ-रिंगला इजा झालेली सात उड्डाणे या तापमानांना झाली होती (अंश फॅरनहाइटमध्ये, कारण मूळ नोंदी त्याच मापात आहेत):

५३, ५७, ५८, ६३, ७०, ७०, ७५

इजा न झालेली सोळा:

६६, ६७, ६७, ६७, ६८, ६९, ७०, ७०, ७२, ७३, ७५, ७६, ७६, ७८, ७९, ८१

नुसती पहिली ओळ पाहिली तर इजा ५३ अंशांनाही झाली आणि ७५ अंशांनाही, तेव्हा तापमानाचा संबंध दिसत नाही असे वाटू शकते. अपघातापूर्वीच्या चर्चेत लक्ष इजा झालेल्या उड्डाणांवरच राहिले, हे चौकशी आयोगाने पुढे दाखवून दिले. दुसरी ओळ शेजारी ठेवली की चित्र पालटते. ६५ अंशांच्या खाली झालेल्या चारही उड्डाणांत इजा आहे. वरच्या एकोणीस उड्डाणांपैकी फक्त तिघांत. दलाल, फाउल्क्स आणि होडली या तिघा संख्याशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये या नोंदींचे सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांनी वापरलेल्या सूत्राच्याच जातीचे एक सोपे सूत्र आपण घेऊ.

इजा होण्याची संभाव्यता प आणि तापमान त मानू. संभाव्यता ० आणि १ यांच्या मध्येच राहिली पाहिजे, म्हणून सरळ रेषा थेट प ला लावत नाहीत. लावतात ती प च्या एका रूपांतराला:

लॉग [प ÷ (१ − प)] = अ + ब × त

(लॉग म्हणजे येथे नैसर्गिक लॉग.) अ आणि ब हे दोन स्थिरांक शोधायचे. ब ऋण निघाला तर तापमान वाढते तशी इजेची संभाव्यता घटते. अ आणि ब च्या प्रत्येक जोडीसाठी २३ उड्डाणांतील प्रत्यक्ष घटनेची संभाव्यता काढायची, म्हणजे इजा झाली तेथे प आणि झाली नाही तेथे १ − प, आणि त्या सर्वांचा गुणाकार करायचा. हा गुणाकार म्हणजे त्या जोडीचे लाइकलीहूड. काही लेखक याला ‘संभाविता’ म्हणतात, पण संभाव्यता आणि संभाविता यांत वाचकाचा गोंधळ होतो म्हणून आपण इंग्रजी शब्दच ठेवू.

गुणाकार नव्हे, बेरीज

पहिली अडचण इतकी साधी आहे की ती अनेकदा नजरेतून निसटते. एकापेक्षा लहान संख्यांचा गुणाकार करत गेले की तो झपाट्याने शून्याकडे जातो. २३ निरीक्षणांत काही बिघडत नाही. पण समजा नाणे उडवण्याच्या प्रयोगातील निरीक्षणे आहेत, प्रत्येकाची संभाव्यता अर्धी. संगणकाच्या नेहमीच्या दुहेरी अचूकतेच्या अंकगणितात १०७५ वेळा अर्ध्याने गुणले की उत्तर शून्यच येते. मग अ, ब कोणतेही घ्या, लाइकलीहूड शून्य. संगणकाला चढ कोठे आणि उतार कोठे काहीच कळत नाही. लॉग घेतला तर गुणाकाराची बेरीज होते आणि त्याच १०७५ निरीक्षणांचे उत्तर −७४५ असे सरळ येते. लॉग वाढतो तेव्हाच मूळ संख्याही वाढते, म्हणून शिखराची जागा बदलत नाही. यापुढे आपण लॉग-लाइकलीहूडच वापरू.

आपल्या उदाहरणात अ = ०, ब = ० घेतले तर प्रत्येक प अर्धा, आणि लॉग-लाइकलीहूड −१५.९४. तापमान विसरून सरसकट प = ७/२३ मानले तर −१४.१३. अ आणि ब दोन्ही मोकळे सोडले तर शिखराची उंची −१०.१६ आहे आणि ती अ = १५.०४, ब = −०.२३२ येथे आहे. हे उत्तर आधीच सांगून टाकले, कारण आपल्याला रस आहे तो संगणक तेथे पोचतो की नाही यात.

पहिलेच पाऊल चुकीच्या दिशेला

सह्याद्रीत दाट धुक्यात सापडलेल्या माणसाला शिखर दिसत नाही. पायाखाली चढ कोणत्या बाजूला आहे एवढेच कळते. तो तीव्र चढाच्या दिशेने एक पाऊल टाकतो, पुन्हा चाचपतो, पुन्हा पाऊल टाकतो. संगणकाची सर्वांत सोपी रीत हीच.

आपण (०, ०) या जागी उभे आहोत. तेथे अ च्या दिशेचा चढ म्हणजे (इजेची प्रत्यक्ष संख्या) − (सर्व प ची बेरीज) = ७ − ११.५ = −४.५. ब च्या दिशेचा चढ काढताना प्रत्येक पद तापमानाने गुणायचे: ४४६ − ८०० = −३५४. (इजा झालेल्या सात तापमानांची बेरीज ४४६, सर्व तेवीसांची १६००, विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी.)

आता चढाइतकेच पाऊल टाकले तर अ = −४.५, ब = −३५४. मग ७० अंशांना अ + ब × त = −२४,७८४.५. एवढ्या ऋण संख्येशी जुळणारा प संगणकात शून्य होतो, शून्याचा लॉग निघत नाही, आणि पडद्यावर ‘ही संख्या नाही’ अशी खूण उमटते. पाऊल हजारपट लहान केले तरी लॉग-लाइकलीहूड −१५.९ वरून −१५७.९ वर घसरते. चढायला निघालो आणि दरीत गेलो.

दुसरी गोष्ट याहून लक्षात ठेवण्याजोगी आहे. खरे उत्तर अ = +१५ आहे आणि पहिला चढ अ ला ऋण बाजूला ढकलतो आहे! यात गणिताची चूक नाही. सुरुवातीला सर्वांत मोठी उणीव ही की सर्व प जास्त आहेत, ते खाली आणले पाहिजेत. अ एकाने बदलला तर समीकरणाची उजवी बाजू एकाने बदलते; ब एकाने बदलला तर ती सत्तरने बदलते. म्हणून सगळे काम ब च्या गळ्यात पडते.

आता पाऊल आणखी लहान, ०.००००५ पट, करू. या वेळी काही फुटत नाही. पहिल्या पावलात ब = −०.०१७७, पुढच्या दोन-तीन पावलांत तो −०.०१३६ पाशी बसतो, आणि लॉग-लाइकलीहूड −१३.६३ होते. यानंतर प्रत्येक पावलाची वाढ सुमारे ०.०००१५ च्या दहाव्या भागाइतकी. ‘वाढ ०.०००१ पेक्षा कमी झाली की थांब’ असा नियम प्रोग्रॅममध्ये लिहिला असेल, आणि असे नियम लिहिलेले असतातच, तर संगणक चार-पाच पावलांतच थांबतो आणि ‘उत्तर स्थिरावले’ असे सांगतो.

त्या उत्तराचा अर्थ काय होतो ते पाहा. ७० अंशांना इजेची संभाव्यता २८ टक्के, आणि ३१ अंशांना ४० टक्के. म्हणजे थंडीने थोडा फरक पडतो, फार नाही. खऱ्या शिखरावरील अ, ब वापरले तर ७० अंशांना २३ टक्के आणि ३१ अंशांना ९९.९ टक्क्यांहून अधिक. (चॅलेंजरच्या उड्डाणासाठी विश्लेषक ३१ अंश हे तापमान धरतात. नोंदी ५३ अंशांच्या खाली नाहीतच, म्हणून हा दुसरा आकडाही शब्दशः घेऊ नये. पण तो कोणत्या बाजूला बोट दाखवतो याबद्दल शंका राहत नाही.) नोंदी त्याच, सूत्र तेच. फरक एवढाच की एक माणूस शिखरावर पोचला आणि दुसरा वाटेत थांबून त्यालाच शिखर म्हणाला.

डोंगराची धार

संगणक असा का रखडला? भूगोलाच्या तासाला आपण समोच्च रेषा शिकवतो. या लॉग-लाइकलीहूडच्या समोच्च रेषा (०, ०) पाशी काढल्या तर त्या लंबवर्तुळासारख्या येतात, आणि त्यांची लांबी रुंदीच्या सुमारे ७०० पट भरते. ही एक अरुंद, लांबच लांब डोंगरधार आहे. दोन्ही बाजूंना कडे. धारेवरून पुढे जाताना चढ जवळपास नाहीच. कड्यावरून कोसळू नये म्हणून पाऊल लहान ठेवावे लागते, आणि त्या पावलाने धारेवर अ प्रत्येक वेळी फक्त ०.००००२७ ने सरकतो. जायचे आहे १५ पर्यंत. वेग मुळीच मंदावला नाही तरी साडेपाच लाख पावले!

धार निर्माण झाली ती आपण आरंभबिंदू कोठे धरला त्यामुळे. अ म्हणजे शून्य अंश फॅरनहाइटला असणारी पातळी. आपल्या सर्व नोंदी ५३ ते ८१ च्या दरम्यान. शून्य अंश त्यांच्यापासून फार दूर. रेषेचा तिरकेपणा जरा बदलला की दूरच्या शून्यापाशी तिची उंची भलतीच बदलते. म्हणून अ आणि ब एकमेकांना करकचून बांधले जातात.

उपाय शाळकरी आहे. तापमानातून ७० वजा करा आणि १० ने भागा. ५३ चे −१.७ होईल, ८१ चे १.१. आता समोच्च रेषांची लांबी रुंदीच्या दीडपटीहूनही कमी होते, म्हणजे जवळजवळ वर्तुळेच. नोंदींतील माहिती तसूभरही बदललेली नाही. आमच्या मते या विषयातील निम्म्या तक्रारी एवढ्या एका उपायाने मिटतात, आणि तरीही गुंतागुंतीच्या उपायांच्या मागे लागण्याआधी तो करून पाहणारे थोडेच.

आता न्यूटनची रीत लावू. या रीतीत केवळ चढ नव्हे तर जमिनीची वक्रताही मोजतात. पायाखालच्या जमिनीला जुळणारा एक घुमट कल्पून थेट त्याच्या माथ्यावर उडी मारतात. नवे स्थिरांक अ′ आणि ब′ म्हणू.

सुरुवात: अ′ = ०, ब′ = ०; लॉग-लाइकलीहूड −१५.९४
पहिली उडी: अ′ = −०.८५, ब′ = −१.५०, लॉग-लाइकलीहूड −१०.५९
दुसरी उडी: अ′ = −१.१३, ब′ = −२.११

आणखी दोन-तीन उड्यांत अ′ = −१.२१, ब′ = −२.३२ आणि −१०.१६ वर उत्तर स्थिरावते. ब′ ला १० ने भागले की आपला −०.२३२ परत मिळतो.

न्यूटनची रीतही आंधळेपणाने वापरू नये. शिखरापासून फार दूर, जेथे सर्व प शून्याला किंवा एकाला चिकटलेले असतात, तेथे जमीन एखाद्या तिरप्या फळीसारखी सरळ असते. वक्रता नाही म्हटल्यावर कल्पिलेला घुमट अवाढव्य होतो आणि उडी भलतीकडे जाते. म्हणून चांगले प्रोग्रॅम उडीनंतर उंची तपासतात. घटली असेल तर उडी निम्मी करतात, पुन्हा निम्मी करतात. शिवाय निघण्याची जागा शहाणपणाने निवडता येते. येथे तापमान विसरून काढलेले उत्तर, म्हणजे अ′ = लॉग (७/१६) = −०.८३ आणि ब′ = ०, ही उत्तम सुरुवात आहे.

शिखर खरे की खोटे, याची एक सुंदर कसोटी याच सूत्रात दडलेली आहे. शिखरावर अ च्या दिशेचा चढ शून्य असला पाहिजे. म्हणजे काढलेल्या २३ संभाव्यतांची बेरीज बरोबर ७ आली पाहिजे, जेवढ्या उड्डाणांत प्रत्यक्ष इजा झाली तेवढीच. वाटेत थांबलेल्या त्या उत्तरात ही बेरीज ६.४५ येते. प्रोग्रॅम काय म्हणतो यापेक्षा ही बेरीज करून पाहणे अधिक विश्वासाचे.

शिखरच नसेल तर

आता नोंदींत एक काल्पनिक बदल करू. समजा ७०, ७० आणि ७५ अंशांची इजा झालेली तीन उड्डाणे झालीच नव्हती. उरली २० उड्डाणे: ६३ आणि त्याखाली सर्वत्र इजा, ६६ आणि त्यावर कोठेही नाही. नोंदी किती स्वच्छ! पण आता संगणक अडचणीत येतो. मध्ये ६४.५ वर सीमा ठेवून ब = −१ घेतला तर लॉग-लाइकलीहूड −०.६९. ब = −२ घेतला तर −०.१२. ब = −१० घेतला तर −०.०००००06 इतके, म्हणजे शून्याला टेकलेले. ब जितका ऋण कराल तितके वर. शून्य ही कमाल उंची, आणि तेथे कधीच पोचता येत नाही. हा डोंगर चढतच जातो, त्याला माथा नाही.

संगणक मात्र कोठेतरी थांबतो, कारण वाढ त्याच्या मर्यादेपेक्षा कमी होते. तो छापतो तो ब चा आकडा म्हणजे थांबण्याच्या नियमाचे अपत्य असते, नोंदींचे नव्हे. ओळखण्याची खूण: स्थिरांक अवास्तव मोठा, त्याची प्रमाण त्रुटी त्याहून कितीतरी मोठी, आणि थांबण्याचा नियम कडक केला की आकडा आणखी वाढतो. निरीक्षणे थोडी आणि घटना विरळ असली की ही परिस्थिती वारंवार येते. येथे पावलाची लांबी बदलून काही साधत नाही. डेव्हिड फर्थ यांनी १९९३ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत लाइकलीहूडमध्ये एक छोटी दुरुस्ती केली जाते, तिच्यामुळे अशा डोंगरालाही माथा मिळतो. किंवा मग ‘ब अमुक इतका किंवा त्याहून तीव्र’ एवढेच प्रामाणिकपणे सांगावे.

याच्या उलट प्रकार म्हणजे सपाट माथा. एखाद्या उत्साही विद्यार्थ्याने सूत्रात फॅरनहाइट आणि सेल्सिअस अशी दोन्ही तापमाने घातली तर काय होईल? एकाचा स्थिरांक वाढवून दुसऱ्याचा त्या प्रमाणात घटवला आणि अ सावरून घेतला की प जसेच्या तसे राहतात. शिखर एक बिंदू न राहता अखंड सपाट रेषा होते, आणि दोन वेगळ्या जागांहून निघालेले दोन संगणक दोन वेगळी उत्तरे देतात. दोन्ही तितकीच बरोबर! येथे एक तापमान काढून टाकणे हाच मार्ग.

अनेक शिखरे

आपल्या सूत्राची एक जमेची बाजू आतापर्यंत सांगितली नाही: त्याच्या लॉग-लाइकलीहूडला एकाहून अधिक वेगळी शिखरे असूच शकत नाहीत. सर्वच सूत्रे अशी सज्जन नसतात. १८९४ मध्ये कार्ल पिअर्सन यांनी नेपल्सच्या उपसागरातील १००० खेकड्यांची मापे अभ्यासली. ती वेल्डन यांनी घेतली होती. मापांचा आलेख एका बाजूला कललेला होता. हे दोन वेगळ्या गटांचे मिश्रण असेल का, असा प्रश्न होता. पिअर्सन यांनी वेगळ्या रीतीने, नवव्या घाताचे समीकरण सोडवत, उत्तर काढले. आज आपण हेच लाइकलीहूडने करू गेलो तर दोन विचित्र गोष्टी आढळतात. गट एक आणि गट दोन यांची नावे अदलाबदल केली तरी उंची तीच, म्हणून प्रत्येक शिखराला एक जुळे शिखर असते. आणि एका गटाचा मध्य नेमका एका खेकड्याच्या मापावर ठेवून त्या गटाचा प्रसार शून्याकडे नेला तर उंची अनंताकडे जाते. ते ‘शिखर’ सर्वांत उंच, पण एका खेकड्याचा गट सांगणारे, म्हणून निरर्थक. येथे आपल्याला हवे असते ते आतले, मर्यादित उंचीचे शिखर. त्यासाठी प्रसाराला खालची मर्यादा घालतात, आणि दहा-वीस वेगवेगळ्या जागांहून सुरुवात करून कोणते शिखर पुनःपुन्हा हाती येते ते पाहतात.

अशा अनेक उत्तरांपैकी भरवशाचे कोणते, या प्रश्नावर एक महत्त्वाचा सिद्धान्त मराठी माणसाच्या नावावर आहे. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाची उभारणी करणारे प्रा. वसंत शंकर हुजूरबाजार यांनी १९४८ मध्ये दाखवले, की काही सर्वसाधारण अटी पाळल्या जात असतील तर निरीक्षणे वाढत जातात तसे लाइकलीहूड समीकरणाचे खऱ्या मूल्याकडे जाणारे उत्तर एकमेव ठरते आणि ते शिखरच असते. सिद्धान्त निरीक्षणे वाढत जाण्याबद्दल बोलतो. हाताशी २३ उड्डाणे असताना चाचपणी आपली आपणच करावी लागते.

वर्गात हे करून पाहायचे असेल तर एका स्तंभात (तापमान − ७०) ÷ १०, दुसऱ्यात इजेसाठी १ किंवा ०, तिसऱ्यात प, चौथ्यात लॉग, अशी मांडणी पुरते. पहिल्या स्तंभाची बेरीज −१ आणि त्याच्या वर्गांची बेरीज ११ यायला हवी. चढाचे सूत्र बरोबर लिहिले आहे की नाही हे पाहण्यासाठी ब′ चे मूल्य ० ऐवजी ०.०१ करावे, चढ −३.९ आहे, तेव्हा एकूण लॉग-लाइकलीहूड सुमारे ०.०३९ ने घटले पाहिजे. घटीऐवजी वाढ दिसली तर बहुधा चिन्ह उलटे पडले आहे.